जामीनदार आणा, कुत्रा न्या

"अहो, कुत्रंच न्यायचंय ना? सोयरीक जुळवायला आलोय का आम्ही?"

हे वाक्य गेल्या चार वर्षांत मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे, की समोरचा माणूस 'अहो' म्हणाला रे म्हणाला की पुढचं मी मनातल्या मनात पुरं करून टाकतो. बोलणारा बहुधा माझ्यासारखाच मध्यमवर्गीय, सुशिक्षित, इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ असतो. शेजारी सौभाग्यवती असतात, आणि 'पप्पा, डॉगी कधी देणार?' म्हणत पप्पांची पँट ओढणारं एक अपत्य असतं. समोर मी असतो. माझ्या हातात दोन पानी छापील फॉर्म असतो, आणि गृहस्थांचा सगळा राग त्या फॉर्मवर असतो.

त्यांचं म्हणणं असं, की आम्ही एका अनाथ जिवाला घर द्यायला निघालोय, म्हणजे उपकारच करतोय. खरं तर तुम्ही आम्हाला चहा पाजून कुत्रं रिक्षापर्यंत पोचवायला हवं. ते सोडून घर भाड्याचं की मालकीचं विचारता, दिवसा घरी कोण असतं विचारता, आधीच्या कुत्र्याचं काय झालं विचारता, आणि वर घर बघायला येणार म्हणता. हा काय तमाशा आहे?

या गृहस्थांशी मला एकदा जाहीर भांडायचं आहे. एरवी मी भांडत नाही. बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बावीस वर्षं काढलेला माणूस भांडत नाही. तो 'दोन नंबरच्या खिडकीवर जा' एवढंच म्हणतो. पण इथे दोन नंबरची खिडकी नाही. मीच आहे.

मी या धंद्यात कसा आलो ते सांगतो. डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या टोकाला शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. त्यांना सगळी गल्ली 'बाई' म्हणते. तळमजल्यावर दोन खोल्या. एक बाईंची, आणि दुसरी टाकून दिलेल्या छोट्या कुत्र्यांची. वास्तविक दोन्ही कुत्र्यांच्याच, बाईंना झोपण्यापुरती परवानगी आहे. आमची सौ. तिथे मदतीला जाते, आणि सौ. जाते म्हणून मी जातो. बाईंनी मला सातवीत भूगोल शिकवला होता, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. "तू बँकेत आहेस ना रे? मग माणसं पारखायचं काम तुझं," त्या म्हणाल्या. आता बँकेत माणसं पारखण्याचं काम कारकुनाचं नसतं, साहेबांचं असतं. आणि बुडीत कर्जांचे आकडे पाहिले तर साहेबही ते मनावर घेत नाहीत असं दिसतं. पण बाईंपुढे कोण बोलणार? तेव्हापासून दर रविवारी दहा ते बारा मी त्यांच्या ओट्यावर अर्जदारांच्या मुलाखती घेतो.

बाईंकडची कुत्री गल्लीतली नव्हेत. गल्लीतल्या कुत्र्याचा संसार निराळा असतो. त्याची हद्द ठरलेली, खाटीक ठरलेला, शत्रू ठरलेले. बाईंकडे येतात ती कुणीतरी मोजून पैसे देऊन आणलेली. पग, शित्झू, ल्हासा आणि आपल्या लोकांचा लाडका 'पामेरियन', ज्याला जाणकार इंडियन स्पिट्झ म्हणतात आणि बाकी कुणीही म्हणत नाही. १९९४ साली 'हम आपके हैं कौन'मधल्या पांढऱ्या टफीनं ऐन लग्नात चिठ्ठी पोचवली, आणि आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांना अचानक पांढऱ्या कुत्र्याची गरज भासू लागली. २००३ साली 'हच'च्या जाहिरातीत एक पग एका पोराच्या मागेमागे धावला आणि लोकांना कळलं, की आपल्या मागे कुणी धावत नाही ही आपल्या आयुष्यातली केवढी मोठी उणीव आहे! ती कंपनी २००७ साली दुसऱ्या कंपनीच्या नावात विरून गेली. पगला काही नाव बदलून सुटता आलं नाही. त्याचं चपटं नाक आणि त्या नाकातून उन्हाळ्यात न पुरणारा श्वास त्याच्यापाशीच राहिला. धावणारा पग जाहिरातीत शोभतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता डोंबिवलीत पग धावला तर जनावरांच्या डॉक्टरांना फोन करावा लागतो.

ही कुत्री सापडतात कुठे? स्टेशनबाहेर रिक्षांच्या रांगेत, गळ्यात पट्ट्यासकट. देवळाच्या खांबाला बांधलेली. डॉक्टरांच्या दारात खोक्यात, वर 'प्लीज टेक केअर' अशी इंग्रजीत चिठ्ठी. (मराठीत लिहायला लाज वाटत असावी.) कारणं विचाराल तर बदली झाली, बाळ झालं, बाळाच्या अंगावर पुरळ उठलं, नवा सोफा घेतला. काही जण प्रामाणिकपणे बाईंच्या दारी येऊन कारण सांगतात. त्यांना निदान तेवढे गुण द्यायला हवेत. बाकीच्यांचं ठरलेलं उत्तर म्हणजे, "गावाला शेतावर सोडलं, तिथं मजेत आहे." महाराष्ट्रात जेवढी कुत्री शेतावर मजेत आहेत, तेवढी शेतंही नसतील.

बदलीचं कारण ऐकलं की मला धर्मराज आठवतो. त्याचीही बदलीच होती, आणि बदलीचं ठिकाण होतं स्वर्ग. न्यायला खुद्द इंद्र रथ घेऊन आला होता. अट एकच होती, कुत्रं इथेच ठेवायचं. तो म्हणाला, मग मी येत नाही. आमच्या गल्लीतल्या एका साहेबांनी नाशिकच्या बदलीवर जाताना सहा वर्षं सांभाळलेला पामेरियन सोसायटीच्या वॉचमनच्या गळ्यात बांधला. नाशिकच्या! तिथे कुत्र्यांना मनाई आहे असं मी तरी ऐकलेलं नाही.

पण सगळ्यात वाईट दशेत येतात त्या माद्या. कुठल्या तरी खुराड्यात पिल्लं काढण्यासाठी ठेवलेल्या. मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, त्रेसष्ट दिवसांत विते. हिशेब सोपा आहे, आणि तो करणारे लोक माझ्यापेक्षा चांगले कॉमर्सवाले आहेत. पाच-सहा वर्षांनी पिल्लं कमी व्हायला लागली की यंत्र भंगारात. मागच्या पावसाळ्यात एक शित्झू आली. शित्झूचे केस माणसासारखे वाढत राहतात. विंचरले नाहीत तर त्यांची चटई होते. या बाईसाहेबांची अशी चटई झाली होती, की तोंड कुठल्या बाजूला आहे हे बिस्किट दाखवून ठरवावं लागलं. कात्री चालेना. मशीननं सगळे केस उतरवले तेव्हा आतून निघालेला जीव त्या केसांच्या ढिगापेक्षा लहान होता. पोट लोंबून जमिनीला टेकलेलं. तिला फरशीवर चालता येत नव्हतं, कारण जन्मभर पाय जाळीवरच टेकलेले. पहिले चार दिवस ती बाईंच्या पायपुसण्यावर उभी राहायची. बसायचीही नाही. पायपुसण्याच्या कडेला येऊन खाली बघायची, जसा माणूस विहिरीत बघतो.

यावर कायदा नाही असं नाही. २०१७ सालचे नियम आहेत. त्यानुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी, मादीचं वर्षातून एकाहून जास्त वेत होता कामा नये, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता कामा नये. नियम सुंदर आहेत. पिल्लं मात्र पाच आठवड्यांची, बुटाच्या खोक्यातून, पावतीशिवाय येतात. आणि टाकून देणाऱ्याला शिक्षा? १९६० सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे जनावर उपाशीतापाशी मरेल असं सोडून देणं हा गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे रुपये दहा ते पन्नास. हा आकडा मी दोनदा वाचला. खात्यात किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून काही बँका यापेक्षा जास्त कापतात. म्हणजे खात्यात पैसे न ठेवणं हा घरात कुत्रं न ठेवण्यापेक्षा मोठा अपराध झाला!

तेव्हा मुळात विकताना कुणी काही विचारत नाही आणि टाकताना कुणी काही विचारत नाही. या दोहोंच्या मध्ये बाईंच्या ओट्यावर काय ते चार प्रश्न विचारले जातात, आणि तेवढेच नेमके आमच्या गृहस्थांना टोचतात.

आता माझ्या पोटापाण्याच्या जागेची साक्ष काढतो. आमच्या बँकेत (नाव सांगत नाही; निवृत्ती अजून लांब आहे) हेच गृहस्थ कर्ज मागायला येतात. पगाराचा दाखला आणतात, आधार आणतात, पॅन आणतात, वीजबिल आणतात, सहा महिन्यांचा खातेउतारा आणतात. जामीनदार हवा म्हटलं तर ज्याच्याशी तीन वर्षं बोलणं नाही अशा मेहुण्याला घेऊन येतात. 'इथे सही, इथे सही, आणि इथे पूर्ण नावानं' असं म्हटलं की माना खाली घालून सह्या ठोकतात. त्यांतला एकही मायेचा पूत 'अहो, पैसेच न्यायचेत ना?' असं म्हणाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि पैसा म्हणजे काय? पैशाला तहान लागत नाही. पैसा गच्चीवर बांधून ठेवला तर ओरडत नाही. पैसा बुडाला तर व्याजासकट वसूल करायला आमच्याकडे वकील आहेत. हप्ता नव्वद दिवस थकला की आम्ही खातं एनपीए धरतो. कुत्र्याचं पाणी एक दिवस थकलं तर दुसऱ्या दिवशी काय धरायचं?

बेवारस पैशाची काळजी किती घेतली जाते ते बघा. दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर ती ठेव रिझर्व्ह बँकेच्या एका खास निधीत जाते, तरीही वारसाचा हक्क संपत नाही. वारसांना अशा ठेवी शोधता याव्यात म्हणून २०२३ साली 'उद्गम' नावाचं संकेतस्थळसुद्धा निघालं. कुणा विसरभोळ्या माणसाच्या आठशे रुपयांसाठी एवढी यंत्रणा! स्टेशनबाहेर सापडलेल्या पगसाठी यंत्रणा म्हणजे बाई आणि त्यांची जुनी स्कूटर.

फॉर्ममध्ये चौथा प्रश्न आहे, 'कुत्रं का हवं?' याची उत्तरं मी जपून ठेवली आहेत. 'मुलाचा वाढदिवस आहे.' 'मिसेसना एकटं वाटतं.' 'राखणीसाठी.' (चार किलोचं कुत्रं! चोरानं त्याच्यावर पाय दिला नाही म्हणजे मिळवली.) एकानं 'घराला शोभा' असं लिहिलं होतं. एकजण सरळ म्हणाले, "आमच्याकडे नर आहे, त्याला जोडी हवी." बाई प्रत्येक कुत्र्याचं नसबंदीचं ऑपरेशन आधी करतात आणि मगच घर शोधतात. ते ऐकताच त्या गृहस्थांचं प्राणिप्रेम ओट्यावरच ओसरलं. "मग पेपर्स तरी आहेत का, केनेल क्लबचे?" असं विचारून ते उठले. कुत्र्याची कागदपत्रं मागायला हरकत नाही. माणसाची मागितली की अपमान होतो.

कुत्रं दिल्यावर पहिले सहा महिने बाई दर महिन्याला त्याचा एक फोटो मागतात. यावरून तर शब्दाला शब्द वाढतो. "आमच्यावर विश्वास नाही का?" अहो, सरकारचा तुमच्या वडिलांवर विश्वास नाही! दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिल्याशिवाय त्यांची पेन्शन पुढे सरकत नाही. ऐंशी वर्षांचे आजोबा काठी टेकत येऊन 'मी जिवंत आहे' असं लिहून देतात, आणि मी त्यांच्याकडे बघत बघत ते तपासून घेतो. कुत्र्याचा तर नुसता फोटो हवा. एका घरून तीन महिने नियमानं फोटो आले. तीनही फोटोंत मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर फेब्रुवारीवरच होतं. चेकवरची खाडाखोड शोधण्यात ज्याची नजर गेली त्याला फसवायचं म्हणजे जरा जास्त मेहनत घ्यायला हवी होती. सौ. आणि बाई त्याच संध्याकाळी गेल्या. कुत्रं गच्चीवर टाकीच्या पाइपाला बांधलेलं होतं. "घाण करतं हो घरात," वहिनी म्हणाल्या. ते त्यांनी पहिल्या आठवड्यात फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. बाई काही बोलल्या नाहीत. दोरी सोडली आणि कुत्रं पिशवीत घालून घेऊन आल्या.

आता गृहस्थांची बाजू एका ठिकाणी खरी आहे, आणि ती मी बाईंच्या तोंडावर मांडली आहे. हे काम करणाऱ्या काही मंडळींना कुत्री सांभाळता सांभाळता माणसं नकोशी होतात. भाड्याचं घर? नाही. एकटा पुरुष? नाही. नवराबायको दोघं नोकरीला? मुळीच नाही. या हिशेबानं सकाळची लोकल पकडणाऱ्या सबंध डोंबिवलीत कुणाला कुत्रं मिळायला नको. फक्त बंगलेवाल्यांना मिळावं, आणि बंगलेवाले पिल्लू विकत घेतात. भाडेकरू असेल तर घरमालकाची लेखी संमती आणावी, विषय संपला. सोसायटीची तर भीतीच नको. ठराव करून पाळीव कुत्र्यांना बंदी घालता येत नाही, हे केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळानं २०१५ सालच्या सूचनांत स्पष्ट केलं आहे. सेक्रेटरींनी ते वाचलेलं नसतं इतकंच. बाई एका नर्सला रात्रपाळी असते म्हणून नकार द्यायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, बाई, ती दिवसा घरी असते, दिवसाच झोपते. आणि कुत्रं दिवसभर दुसरं करतं काय? बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे भूगोलाच्या पेपराकडे बघावं तसं बघितलं. पण कुत्रं दिलं. त्या घरात आता दोघं मिळून दुपारी चारपर्यंत घोरतात. पग असल्यामुळे त्याचा आवाज मोठा.

तेव्हा प्रश्न कमी करायला माझी हरकत नाही. पण दोन प्रश्न सोडायला मी तयार नाही. एक, तुम्ही गावाला जाल तेव्हा ते कुठे राहील? मे महिन्यात नि गणपतीत बाईंची खोली का भरते याचं उत्तर या प्रश्नात आहे. आणि दुसरा, तुमच्यानंतर कोण? हा ऐकून लोक दचकतात. ठेवीच्या फॉर्मवर वारसाचं नाव लिहिताना कुणी दचकत नाही.

छोटी कुत्री बारा ते पंधरा वर्षं सहज जगतात. चौऱ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा दोन महिन्यांचं पिल्लू मागायला आले होते. मुलगा अमेरिकेत. मी बी.कॉम. असल्यामुळे बेरीज तोंडीच झाली, पण ती तोंडावर कशी सांगायची? मी त्यांना नऊ वर्षांचा पामेरियन दाखवला. नाशिकवाल्यांचाच. दात निम्मे पडलेले, भात कालवून द्यावा लागतो, जिना चढत नाही. आजोबा भडकले. "म्हातारा माणूस बघून म्हातारा कुत्रा गळ्यात मारता काय?" म्हणून तरातरा निघून गेले. मंगळवारी संध्याकाळी आजी एकट्याच आल्या. ओट्यावर बसल्या. कुत्रं येऊन त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून पडलं. फॉर्म त्यांनी वाचलाच नाही. 'तुमच्यानंतर कोण' या रकान्यात कल्याणच्या भाचीचं नाव आणि सही घेऊनच आल्या होत्या. आजोबांनी घरी जाऊन फॉर्ममधला एकूणएक प्रश्न तावातावानं सांगितला होता म्हणे. महिन्याचा फोटो आता आजोबाच पाठवतात, आणि एक मागितला तर सात पाठवतात.

सध्या बाईंकडे चार आहेत. एका डोळ्याचा एक पग आहे. पगचे डोळे मुळातच बाहेर आलेले. गल्लीतल्या कुत्र्यांनी धरलं त्यात एक गेला. दोन ल्हासा भाऊ आहेत, ते जोडीनंच द्यायचे आहेत. एकाला नेलं तर दुसरा जेवत नाही, हे एकदा करून पाहिलं आहे. आणि ती शित्झू. ती आता फरशीवर चालते, ओट्याची एक पायरी उतरते, दुसरीवर थांबते. केस बोटभर वाढले आहेत, त्यामुळे तोंड कुठलं ते कळतं. वय सात असावं असं डॉक्टर म्हणतात. तिच्यासाठी आतापर्यंत अकरा अर्ज आले. त्यांतल्या नऊ जणांनी 'आणखी पिल्लं होतील का?' हा प्रश्न पहिला विचारला.

रविवारी दहा ते बारा मी ओट्यावर असतो. फॉर्म तिथेच मिळतो, पेन मात्र आणा. माझं बांधलेलं आहे. पगाराचा दाखला नको. येताना घरातल्या सगळ्यांना घेऊन या, आणि ज्याला कुत्रं नको आहे त्याला पुढे बसवा.